पाण्याला कठडा
शास्त्रवाचन : अनुवाद 22:8



नवे घर बांधणाऱ्याने छताला कठडा करावा. कोणी पडून मेला तर दोष त्या घरावर येईल, असे नियमशास्त्र सांगते. त्या काळी लोक सपाट छतावर वावरत, अळशी वाळवत. छतावर जाऊच नका, असे देवाने सांगितले नाही. कठडा बांधण्याची जबाबदारी मात्र त्याने घरमालकावर टाकली.

आपण कातकरी वाडीवर जातो आणि 'मुलांना पाण्याजवळ सोडू नका' एवढे सांगून परततो. रायगड-पालघरकडील कित्येक कातकरी घरांची चूल मासे-चिंबोऱ्यांवर चालते. नदी त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळते. पण सगळे पाणी नदीसारखे नसते. प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्याचा उतार इतका निसरडा असतो, की पोहणाऱ्यालाही वर चढता येत नाही. बंद दगडखाणीत काठालाच एकदम खोल असते. दिवाळीनंतर कुटुंब वीटभट्टीवर जाते. आईबाप कामात, आणि धाकट्याला सांभाळायला सात-आठ वर्षांची बहीण.

म्हणून शिकवण्याआधी वाडीतल्या वडीलधाऱ्यांना विचारावे : इथले कोणते पाणी वाईट? डोहाविषयीच्या त्यांच्या समजुतींना हसू नये. मग त्यांच्याबरोबर बसून, त्यांच्याच बोलीत कठडे ठरवावेत :

1. शेततळ्याला कुंपण, आत काठाला पक्का बांधून पाण्यात सोडलेला गाठींचा दोर.

2. कामाच्या वेळेत लहान मुलांसाठी पाळणाघर. बांगलादेशातील खेड्यांत 'आंचल' नावाची अशी केंद्रे याच कारणासाठी निघाली.

3. बुडणाऱ्यामागे मुलांनी उडी घेऊ नये. ओरडून मोठ्यांना बोलवावे; काठावरूनच बांबू, दोर, साडी किंवा झाकण लावलेला रिकामा कॅन द्यावा.

4. बाहेर काढलेल्याला उलटे धरू नये, पोट दाबू नये. श्वास बंद असल्यास लगेच तोंडाने 5 श्वास द्यावेत, मग छातीवर 30 दाब व 2 श्वास असे चालू ठेवावे. दुसऱ्याने 108 ला फोन करावा. हा सराव जाणकाराकडून शिकून घ्यावा.

मननासाठी :
• आपल्या मंडळीत कोणाच्या शेतात उघडे शेततळे किंवा विहीर आहे? कोणाची वीटभट्टी आहे?
• तिथला कठडा कोण बांधणार, आणि कधी?

प्रार्थना : हे प्रभू, दुसऱ्याच्या लेकराचा जीव आमच्या हाती आहे, हे आम्हांला विसरू देऊ नकोस. आमेन.