सहाध्यायी आणि गणित

गणिताचा अभ्यास एकांतात करावयाचा, अशी पुष्कळांची समजूत असते. ती अर्धीच खरी आहे. परीक्षेच्या तयारीसाठी दोन विद्यार्थी एकत्र बसले, तर त्यांनी एकमेकांना उदाहरणे कशी सोडवू लागावे, याचा येथे विचार करू.

उदाहरण आपल्या गावातलेच घेऊ. ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर चढणाऱ्या वाटेवर खडकात कोरून काढलेले चतुर्भुज मंदिर आहे. तेथील विक्रम संवत् ९३३ च्या, म्हणजे इ. स. ८७६ च्या शिलालेखात देवाच्या फुलबागेसाठी दिलेल्या जागेची लांबी २७० हात व रुंदी १८७ हात सांगितली असून रोज ५० माळा देण्याची तजवीज नमूद आहे. २७० व ५० यांतील वाटोळे शून्य आजही तेथे स्पष्ट दिसते. या बागेवरून आम्ही पुढील उदाहरण रचले आहे :

एका आयताकृती बागेची लांबी रुंदीपेक्षा ८३ हातांनी अधिक आहे. क्षेत्रफळ ५०४९० चौरस हात असल्यास लांबी व रुंदी काढा.

रुंदी क्ष मानली, तर समीकरण असे होते :

क्ष² + ८३क्ष − ५०४९० = ०

येथवर बहुतेक विद्यार्थी येतात आणि एवढ्या मोठ्या संख्येचे अवयव पाहून थबकतात. अशा वेळी शेजारच्या मित्राने "२७० आणि १८७" असे सांगून टाकले, तर वहीत उत्तर येईल, पण विद्या येणार नाही. त्याने एवढेच विचारावे : "या संख्येचे मूळ अवयव कोणते?" मग दिसेल की

५०४९० = २ × ३ × ३ × ३ × ५ × ११ × १७

आता यांचे दोन गट असे पाडावयाचे की त्यांत ८३ चे अंतर पडेल. १९८ व २५५ घेतले तर अंतर ५७ येते. ते कमी पडते. म्हणून संख्या एकमेकींपासून आणखी दूर न्याव्या. १८७ व २७० घेताच अंतर ८३ येते. म्हणून

(क्ष + २७०)(क्ष − १८७) = ०

क्ष ची किंमत १८७ किंवा −२७०. रुंदी ऋण असू शकत नाही. म्हणून रुंदी १८७ हात व लांबी २७० हात.

खरी मौज पुढेच आहे. ज्याला कच्चा म्हणून आपण बाजूस सारतो, तोच कधी विचारतो : "टाकून दिलेली संख्या नेमकी लांबीएवढीच कशी आली?" हुशार विद्यार्थ्याच्या मनात हा प्रश्न आलेलाच नसतो, कारण त्याची रीत पाठ असते. आता त्यालाही थांबावे लागते. क्ष = −२७० घेतले तर क्ष + ८३ = −१८७; दोन ऋण संख्यांचा गुणाकार धन, म्हणून गुणाकार पुन्हा ५०४९०च येतो. समीकरण केवळ संख्या जाणते, बाग जाणत नाही. शिकविणारा येथे शिकणारा झाला!

आपल्या मुलांपुढे आणखी एक अडचण असते. घरी व शाळेत मराठी, बाहेर हिंदी. आपले वर्गसमीकरण हिंदी पुस्तकात 'द्विघात समीकरण' होते आणि अपूर्णांकाचा छेद 'हर' होतो. ज्या मित्राला दोन्ही शब्द ठाऊक आहेत, त्याने ते दुसऱ्यास सांगावे. पुष्कळदा अडलेले असते ते गणित नव्हे, शब्दच.

अशा सहाध्ययनाला आपल्याकडे मोठी परंपरा आहे. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त, म्हणजे इ. स. ११५० च्या ग्रंथात, अनेक उदाहरणे समोरच्या कोणास तरी उद्देशून विचारलेली आहेत. पुढे त्यांचा नातू चांगदेव याने खानदेशात, चाळीसगावनजीकच्या पाटण येथे, आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापिला. चांगला ग्रंथ असला, तरी तो मिळून अभ्यासणारे लागतातच.

तेव्हा विद्यार्थिमित्रहो, दोघे-तिघे मिळून बसा. ज्याचे उदाहरण अडले असेल, पेन्सिल त्याच्याच हाती राहू द्या. दुसऱ्याने उत्तर सांगू नये. पुढची पायरी दिसेल असा एक प्रश्न विचारावा. शेवटी वही मिटून त्याच्याकडून ते उदाहरण पुन्हा सोडवून घ्यावे. परीक्षेच्या दालनात प्रत्येकजण एकटाच असतो; तेथे शेजारच्या वहीत डोकावणे ही चोरी होय. मित्राने विचारलेला प्रश्न मात्र तेथेही मनात आपली सोबत करतो.