आले, सुंठ आणि सुजलेला गुडघा



गळीत हंगाम सरत आला की कारखान्याच्या आवारात दोनच विषय. उसाचा भाव आणि गुडघ्याचं दुखणं. भावाचं पुन्हा केव्हातरी बोलू.

बोरघाट उतरला की खालापूर, त्याला लागून कर्जत. १९८१ पर्यंतचा कुलाबा, आताचा रायगड जिल्हा. तिथलं मुख्य पीक भात. लावणीत दिवसभर चिखलात वाकून बायांच्या कमरा धरतात. ठाकर-कातकरी वस्त्यांत सुजेवर निर्गुडीचा पाला गरम करून बांधतात, पोटात आल्या-सुंठीचा काढा घेतात. कर्जत तालुक्यात कशेळ्याच्या ॲकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्स या संस्थेने औषधी वनस्पतींवर काम केलेलं आहे. तेव्हा हे हसण्यावारी नेऊ नये.

सूज येते तेव्हा शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये तयार होतात. दुकानातली दुखण्याची गोळी ती तयार होऊ देत नाही. आल्यातली तिखट द्रव्येही तेच करतात, असं १९८२ साली जपानी संशोधकांना प्रयोगशाळेत दिसलं. ओल्या आल्यात जिंजेरॉल असतं. वाळवताना त्यातल्या काहींचं शोगाओल बनतं, ते अधिक तिखट. म्हणजे सुंठ हे नुसतं वाळलेलं आलं नव्हे. आजीबाईच्या बटव्यात दोहोंचे उपयोग वेगळे, ते उगीच नाहीत.

पण प्रयोगशाळा वेगळी नि गुडघा वेगळा. झिजलेल्या गुडघ्याच्या अडीचशेच्या आसपास रुग्णांवरचा एक अभ्यास २००१ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. सहा आठवडे आले व कुलिंजन यांचा अर्क दिल्यावर शंभरात ६३ जणांचं उभं राहतानाचं दुखणं कमी झालं; औषध नसलेल्या नकली गोळीनेही ५० जणांचं झालं! गुण आहे, पण बेताचा. शिवाय काहींच्या पोटात जळजळ झाली.

आम्ही एकदा आल्याचा रस गुडघ्यावर चोळून पाहिला. रात्रभर कातडीची आग, गुडघा होता तसाच.

पोटात घ्यायची तर सुंठ दिवसाला एक-दोन ग्रॅम, गुळाच्या खड्याबरोबर; साखरेचा आजार असेल त्यांनी गूळ वगळावा. रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल किंवा पित्ताशयात खडे असतील, तर आधी डॉक्टरांना विचारा. गुडघा लालभडक, गरम झाला, अंगात ताप असला तर काढा उकळत बसू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. आणि जे महिनोन्महिने रोज दुखण्याची गोळी घेतात, त्यांनी उसाच्या बिलातले थोडे पैसे बाजूला काढून मूत्रपिंडाची तपासणी करून घ्यावी.