कार्ब्युरेटरचे विकार व त्यांची परीक्षा

भवानीनगरच्या श्रीछत्रपती सहकारी साखर कारखान्याकडे हंगामांत उसाची रीघ लागते. तोडलेला ऊस फार वेळ पडून राहिला तर त्याचें वजन व त्यांतील साखर हीं दोन्हीं घटतात. म्हणून वाहन वाटेंत अडलें कीं शेतकऱ्याचा तोटा झालाच. आजचे ट्रक डिझेलवर चालतात व त्यांस कार्ब्युरेटर नसतो. परंतु पेट्रोलच्या जुन्या ट्रकांशीं इंदापूर तालुक्याचें एक नातें आहे. ज्या वालचंद हिराचंद यांनीं येथून जवळच वालचंदनगर वसविलें, त्यांनींच १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापिली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यांत डॉज व फार्गो ट्रक तयार होत. असा एखादा जुना ट्रक अडला असतां त्याचा विकार कसा ओळखावा, हें आपण पाहूं.

पेट्रोल व हवा यांचें योग्य मिश्रण करणें हें कार्ब्युरेटरचें काम होय. वजनानें एक भाग पेट्रोलास सुमारें पंधरा भाग हवा लागते. पेट्रोल प्रथम एका लहान कुंडींत सांठतें. तींत एक पोकळ तरंगा असतो. कुंडी भरली कीं तो वर येऊन सुईसारख्या झडपेनें वाट बंद करितो. पुढें तें पेट्रोल जेट नांवाच्या सूक्ष्म छिद्रांतून अरुंद गळ्यांत येतें. तेथें हवेचा वेग वाढून दाब कमी होतो, व पेट्रोल तुषाररूपानें तींत मिसळतें.

प्रत्येक दोष कार्ब्युरेटरच्या माथीं मारूं नये. टाकींत पेट्रोल आहे काय व प्लगांत ठिणगी पडते काय, हें आधीं पाहावें. ठिणगीची परीक्षा कार्ब्युरेटर उघडण्यापूर्वींच उरकावी. पेट्रोलाच्या वाफेस एक ठिणगी किंवा विडीचा एक निखारा पुरतो.

काळा धूर निघत असेल तर पेट्रोल अधिक जात आहे असें समजावें. चोक अडकला असेल, झडपेंत कचरा बसला असेल, अथवा तरंग्यास भोंक पडून तो बुडाला असेल. पितळी तरंगा काढून हालवावा. आंत पेट्रोल असल्यास तें डुचमळतें. ज्योतीपासून दूर, गरम पाण्यांत तो बुडविला कीं भोंकांतून बुडबुडे येतात. आंतील पेट्रोल व त्याची वाफ पूर्ण निघाल्यावांचून त्यास डाक देऊं नये. नाहीं तर भडका उडेल.

याउलट, चढावर जोर कमी पडून कार्ब्युरेटरांतून 'फट्' असा आवाज आला, तर पेट्रोल कमी पडत आहे. जेट तुंबला असेल, पेट्रोलांत पाणी उतरलें असेल, किंवा सैल जोडांतून जादा हवा शिरत असेल. जेट वाऱ्याच्या झोतानें साफ करावा. तार घातल्यास छिद्र मोठें होऊन नवा विकार जडतो.

पुष्कळ लोक प्रथमच मिश्रणाचा स्क्रू पिळूं लागतात. तो मुख्यतः इंजिनाच्या मंद चालीचें नियमन करितो. जेटांतील कचरा त्यानें निघत नाहीं. आम्हांस वाटतें कीं लक्षण पाहावें, कारण शोधावें, एका वेळीं एकच फेरफार करावा व त्याचा परिणाम पाहूनच पुढें जावें. धीरानें केलेली परीक्षा हीच अर्धी दुरुस्ती होय.