मोठा पडदा आणि अक्षराचे माप



आज लॅपटॉप हे अभ्यासाचे नित्याचे साधन झाले आहे. वाचन सोयीचे व्हावे म्हणून अनेक जण त्याला मोठा मॉनिटर जोडतात. परंतु जोडल्याबरोबर एका पडद्यावर अक्षरे अवाढव्य, तर दुसऱ्यावर बारीक किंवा पुसट दिसू लागतात. मॉनिटर बिघडला असे समजून खर्चात पडण्यापूर्वी माप तपासावे. बहुतेक वेळा दोष यंत्राचा नसतो, मापाचा असतो.

मराठी वाचकाने याकडे विशेष लक्ष द्यावे. आपल्या लिपीत अनुस्वार, रफार व मात्रा शिरोरेषेच्या वर, तर उकार खाली असतात. अनुस्वाराचा ठिपका हरवला, की ‘वंश’चा ‘वश’ होतो. स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासात अशी चूक महागात पडते.

याचे कारण साधे आहे. पडद्यावरील चित्र बारीक ठिपक्यांचे, म्हणजे पिक्सेलचे बनते. १५.६ इंची लॅपटॉप आणि २४ इंची मॉनिटर या दोहोंत आडवे १९२० व उभे १०८० पिक्सेल असतील, तर लॅपटॉपवर एका इंचात सुमारे १४१ आणि मॉनिटरवर सुमारे ९२ पिक्सेल बसतात. म्हणून लॅपटॉपचे स्केल १५० टक्के व मॉनिटरचे १०० टक्के ठेवल्यास दोन्हीकडे अक्षर जवळजवळ सारखे दिसते.

आता उपाय पाहू.

१. विंडोजचे बटण व ‘पी’ एकत्र दाबून ‘एक्स्टेंड’ निवडावे. ‘डुप्लिकेट’मध्ये दोन्ही पडद्यांना एकच माप लागते, एकाचे साधले की दुसऱ्याचे बिघडते.

२. सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले या क्रमाने जावे. २०१५ साली आलेल्या विंडोज १० पासून येथे प्रत्येक पडद्याचे स्केल स्वतंत्र ठरविता येते. प्रथम वरच्या चित्रातील पडदा निवडावा.

३. रिझोल्यूशन ‘रेकमेंडेड’ लिहिलेलेच ठेवावे. अक्षर मोठे करण्यासाठी ते कमी केल्यास अक्षर पुसट होते. मोठेपणा स्केलनेच वाढवावा.

४. एखादा जुना प्रोग्राम तरीही पुसट दिसल्यास तो बंद करून पुन्हा उघडावा. तेवढ्याने न भागल्यास साइन आउट करून परत यावे.

नागपुरातील आपल्या वस्त्यांमधील अभ्यासिकांत एकाच मॉनिटरला निरनिराळ्या विद्यार्थ्यांचे लॅपटॉप जोडले जातात. तेव्हा मॉनिटरचे योग्य रिझोल्यूशन चिठ्ठीवर लिहून त्याच्या कडेला चिकटवावे. एकाने घेतलेली ही दोन मिनिटांची तसदी पुढच्या प्रत्येकाच्या डोळ्यांचा ताण वाचवील.