शेऱ्याला उत्तर हवे

अमेरिकेतील शुश्रूषागृहांत ज्यांचे वृद्ध आप्त राहतात, अशा वाचकांनी हे ध्यानात ठेवावे की, तेथील संघराज्याच्या नियमांनुसार प्रत्येक रहिवाशाच्या औषधयोजनेची तपासणी परवानाधारक फार्मासिस्टने महिन्यातून किमान एकदा करावयाची असते, आणि काही विसंगती आढळल्यास तिचा लेखी अहवाल उपचार करणारे डॉक्टर, संस्थेचे वैद्यकीय संचालक व परिचर्याप्रमुख यांच्याकडे धाडावयाचा असतो. परंतु अहवाल रवाना झाला एवढ्याने रुग्णाचे हित साधत नाही.

रक्तदाबासाठी दिलेल्या अ‍ॅम्लोडिपिनने पायांवर सूज यावी, ती उतरावी म्हणून फ्युरोसेमाइड सुरू व्हावे, त्यायोगे पोटॅशियम घटून त्याचीही गोळी जोडली जावी, आणि वारंवार लघवीस उठताना वृद्ध माणूस पडावा, ही परंपरा फार्मासिस्टच्या नजरेस येते. मात्र ती सूज मूळ औषधाची की हृदयविकाराची, याचा निर्णय रुग्णास तपासून डॉक्टरांनीच करावयाचा असतो. म्हणूनच शेरा पाहिल्याची व त्यावर केलेल्या कारवाईची नोंद डॉक्टरांनी रुग्णाच्या दप्तरात करावी, आणि बदल करावयाचा नसेल तर त्याचे कारण नमूद करावे, असे बंधन आहे. पूर्वी मात्रा कमी करताच ज्याचा विकार बळावला, त्याची मात्रा कायम ठेवणे उचितच होय. कारणावाचून ‘असहमत’ लिहून सही ठोकणे हे मात्र उत्तर नव्हे.

स्मृतिभ्रंशाच्या वृद्धांत अँटिसायकोटिक औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा तेथील अन्न व औषध प्रशासनाने २००५ साली दिला. ‘गरज पडल्यास’ म्हणून लिहिलेल्या अशा औषधाची मुदत १४ दिवसांची असून, पुढे ते चालू ठेवावयाचे तर डॉक्टरांनी रुग्णास प्रत्यक्ष तपासणे आवश्यक असते.

तेव्हा काळजी-आराखड्याच्या बैठकीत नम्रपणे, पण नेमके विचारावे: गेल्या तपासणीत कोणता शेरा होता, डॉक्टरांनी काय उत्तर दिले, आणि बदलानंतर रक्तदाब, वजन व मूत्रपिंडांचे कार्य कोण व केव्हा पाहणार? रहिवाशास अथवा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीस दप्तर पाहण्याचा हक्क असून, सुट्टीचे दिवस वगळता, मागणीपासून २४ तासांत ते दाखवावे लागते.

शेरा वाचून घाबरून कोणतेही औषध परस्पर थांबवण्याचा आग्रह मात्र धरू नये. मेटोप्रोलोल वा क्लोनाझेपाम यांसारखी औषधे एकाएकी बंद केल्याने अपाय होतो, म्हणून ती कमी करण्याचा क्रमही डॉक्टरांकडून लिहूनच घ्यावा.