मीपणाची भिंत

उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यानंतर तुम्ही –
• अहंकार, ईश्वराशी एकरूपता आणि क्षमा यांचा परस्परसंबंध सांगू शकाल;
• संत दादू दयाल व संत एकनाथ यांच्या कथांची तुलना करू शकाल;
• क्षमा आणि दुर्बलता यांतील भेद स्पष्ट करू शकाल.

मूळ पाठ

जयपूर हे शहर सवाई जयसिंगांनी १७२७ मध्ये वसवले. त्यापूर्वी या प्रदेशाची राजधानी आमेर येथे होती. त्या आमेरमध्ये सोळाव्या शतकात संत दादू दयाल (१५४४–१६०३) यांचे काही वर्षे वास्तव्य होते. कापूस पिंजणाऱ्या कुटुंबात ते वाढले, असे अनेक अभ्यासक मानतात. हिंदू व मुसलमान या भेदापलीकडील एका निर्गुण परमात्म्याची भक्ती त्यांनी शिकवली. सांगानेरचे पठाण रज्जब आणि दौसा येथील वैश्य कुळातले सुंदरदास हे दोघेही त्यांचे शिष्य झाले. जयपूरच्या पश्चिमेस असलेल्या नरैना या गावी दादूंनी देह ठेवला. दादूपंथाचे मुख्य पीठ आजही तेथेच आहे.

या पंथाशी मराठी माणसाचाही एक धागा जुळलेला आहे. दादूपंथीयांनी जतन केलेल्या ‘पंचवाणी’ या हस्तलिखित संग्रहांत दादू, कबीर, रैदास व हरदास यांच्या रचनांबरोबर आपल्या नामदेवांची हिंदी पदेही आहेत.

दादूंविषयी एक कथा परंपरेने सांगितली जाते. एकदा ते आपल्या कुटीत ध्यानमग्न बसले असताना त्यांचा द्वेष करणाऱ्या काही लोकांनी विटा रचून कुटीचे दार बंद केले. दादूंनी डोळे उघडले, तेव्हा बाहेर पडण्यास वाट नव्हती. त्यांनी आरडाओरडा केला नाही. ते पुन्हा ध्यानात मग्न झाले. काही दिवसांनी शेजाऱ्यांच्या हे लक्षात आले. त्यांनी विटा काढून दादूंना बाहेर आणले आणि अपराध्यांना शिक्षा करण्याचे ठरवले. दादूंनी त्यांना थांबवले. या लोकांमुळे आपल्याला ईश्वराच्या सहवासात अधिक काळ राहता आले, असे ते म्हणाले.

पैठणचे संत एकनाथ हे दादूंचे समकालीन. गोदावरीचे स्नान करून परतणाऱ्या नाथांच्या अंगावर एक मनुष्य पुन्हा पुन्हा थुंकला आणि नाथ दर वेळी शांतपणे नदीवर जाऊन स्नान करून आले, ही कथा आपण लहानपणापासून ऐकली आहे. शेवटी तो मनुष्य खजील झाला. तेव्हा, तुझ्यामुळे मला इतक्या वेळा गोदावरीचे स्नान घडले, असे नाथांनी त्याला सांगितले.

या दोन्ही कथांतील एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. ‘मी तुला क्षमा केली’ असे दोघांपैकी कोणीही म्हणत नाही; उलट दोघेही अपराध्याचे उपकार मानतात. आपण क्षमा करतो, तेव्हा बहुधा आपण उंच आसनावर बसलेले असतो आणि अपराधी खाली उभा असतो. अशा क्षमेत ‘मी’ शिल्लक राहतो, किंबहुना तो अधिकच पुष्ट होतो. संतांच्या ठायी हा ‘मी’ विरघळलेला असतो. सर्वांच्या ठिकाणी एकच परमात्मा नांदतो, हा त्यांच्या लेखी केवळ सिद्धान्त नसून प्रत्यक्ष अनुभव असतो. मग अपमान करणारा कोण आणि अपमान होणार कोणाचा? एकरूपतेच्या या अनुभवातून क्षमा आपोआप उमलते.

येथे एक शंका मनात येईल. अशी क्षमा अन्यायाला उत्तेजन देणार नाही काय? दादूंची कथा पुन्हा आठवा. शेजाऱ्यांनी भिंत काढली. ती तशीच राहू द्यावी, असे दादूंनी सांगितले नाही. चूक दूर करणे आवश्यकच आहे. संतांनी नाकारला तो सूड. भयापोटी गप्प बसणाऱ्याच्या मनात राग धुमसतच असतो, म्हणून त्याच्या मौनाला क्षमा म्हणता येत नाही.

आपल्याला संतांची उंची गाठता येईलच असे नाही. परंतु घरात भावाभावांत अबोला असेल, कामाच्या ठिकाणी एखादा शब्द मनाला लागला असेल, तर ‘यात दुखावले गेले ते काय?’ हा प्रश्न स्वतःला विचारता येईल. पुष्कळदा उत्तर येते – माझा मीपणा. ती भिंत आपणच बांधलेली असते आणि तिची पहिली वीट काढणेही आपल्याच हाती असते.

शब्दार्थ

निर्गुण – गुण व आकार यांपलीकडील. समकालीन – एकाच काळात होऊन गेलेले. पुष्ट – बळकट. उत्तेजन – प्रोत्साहन.

स्वाध्याय

१. दादू व एकनाथ यांच्या कथांतील साम्य लिहा.
२. भयापोटी पाळलेले मौन म्हणजे क्षमा का नव्हे?
३. तुम्ही कोणाला क्षमा केल्याचा किंवा तुम्हाला कोणी क्षमा केल्याचा प्रसंग आठ-दहा वाक्यांत लिहा.