फाटकी ताडपत्री

जिवती तालुका डोंगरावर वसलेला आहे. माणिकगडच्या या डोंगररांगेला आपण नुसते 'पहाड' म्हणतो. इथे गोंड आणि कोलाम लोक जुन्या काळापासून राहतात. १९७२ च्या दुष्काळाच्या सुमारास मराठवाड्यातूनही पुष्कळ कुटुंबे इथे आली. बोली निरनिराळ्या, सणवार निरनिराळे. पण एक वस्तू बहुतेक घरांत सारखीच सापडते, ती म्हणजे ताडपत्री.

ताडपत्रीची कामे किती म्हणून सांगावी? वावरात जागलीला जायचे, तर दोन मेढी रोवाव्या, वर एक आडवी बल्ली टाकावी आणि तिच्यावर ताडपत्री पसरावी. झाले खोपटे तयार! तेंदूपत्त्याच्या दिवसांत जंगलाजवळ मुक्काम पडला, तर तीच ताडपत्री घर होते. वेचलेल्या कापसाच्या गंजीवर तीच पांघरूण होते. पावसाळ्यात कौले गळू लागली, तर तीच छपरावर चढते.

एवढे काम करणाऱ्या वस्तूकडे आपण कधी पाहतो? तर पाऊस आला म्हणजे! रात्री वीज कडाडते, वारा सुटतो, आणि मग ध्यानात येते की ताडपत्रीला वीतभर चीर आहे. तहान लागल्यावर विहीर खणण्यातला हा प्रकार. म्हणून ताडपत्री कशी दुरुस्त करावी, ते या धड्यात शिकू या.

लहान भोक, मोठे नुकसान

आधी एक गणित करू. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी. आपली ताडपत्री चार मीटर रुंद आणि पाच मीटर लांब आहे असे समजा. चार पाचे वीस. म्हणजे ती वीस चौरस मीटर झाली. तिच्यावर दहा मिलिमीटर पाऊस पडला, तर दोनशे लिटर पाणी पडले. ताडपत्री धड असेल तर हे पाणी घरंगळून बाजूला जाते. पण मध्ये खोलगट भाग असेल आणि तिथेच भोक असेल, तर बरेचसे पाणी त्या एका भोकातून खाली येते.

खाली काय असते? कधी झोपलेली लेकरे असतात. कधी वर्षाचा कापूस असतो. भिजलेला कापूस पिवळा पडतो. गंजीत ओल राहिली तर ती आतून तापते आणि सरकी खराब होते. सी.सी.आय.च्या खरेदी केंद्रावर कापसातली ओल मोजतात. ओल शंभरात आठपर्यंत असली तर पूर्ण हमीभाव मिळतो. आठच्या वर बारापर्यंत भाव कापला जातो. बाराच्या वर गेली तर कापूस परत येतो. २०२४-२५ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये होता. आता तुम्हीच सांगा, बोटभर भोक बुजवणे स्वस्त की दोन क्विंटल कापूस भिजवणे?

आपली ताडपत्री कोणत्या जातीची?

हिंदी मुलुखात ताडपत्रीला तिरपाल म्हणतात. हा शब्द इंग्रजी 'टारपॉलिन'वरून आला. 'टार' म्हणजे डांबर. पूर्वी जहाजावरचे खलाशी जाड कापडाला डांबर चोपडीत आणि ते मालावर झाकीत. त्यावरून हे नाव पडले.

आज दोन जातींच्या ताडपत्र्या मिळतात. पहिली जाड सुती कापडाची. हिला कॅनव्हास म्हणतात. ही जड असते आणि पाण्याने आणखी जड होते. दुसरी प्लॅस्टिकची. ही निळी, पिवळी, काळी अशी असते. पॉलिथिन नावाच्या प्लॅस्टिकच्या चपट्या पट्ट्या कापडासारख्या विणतात आणि दोन्ही बाजूंनी पातळ प्लॅस्टिकचा थर देतात. या पट्ट्यांचे चिवट पॉलिथिन १९५३ साली कार्ल त्सीगलर या जर्मन शास्त्रज्ञाने शोधलेल्या रीतीने होऊ लागले. त्यासाठी त्यांना १९६३ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

ही जात ओळखणे महत्त्वाचे. कारण दोन्हींचे औषध वेगळे आहे. कापडाला सुईदोरा लागतो, प्लॅस्टिकला चिकटपट्टी किंवा ऊब.

चीर का वाढते?

नवे धोतर हाताने फाडून पाहा. पहिला टरका मारायला जोर लागतो. एकदा चीर पडली की पुढे ते सहज फाटते. असे का होते? धड कापडावर ताण पडला तर तो शेकडो धागे वाटून घेतात. चीर पडल्यावर सगळा ताण चिरेच्या टोकाशी असलेल्या एक-दोन धाग्यांवर येतो. ते तुटले की ताण पुढच्या धाग्यांवर. वाऱ्याने ताडपत्री फडफडते तेव्हा हेच चालू असते. म्हणून ठिगळ नुसते भोक झाकणारे नसावे. ते चिरेच्या टोकांच्या पुढे, धड कापडापर्यंत पोचले पाहिजे.

कापडी ताडपत्रीचे ठिगळ

१. ताडपत्री झाडून, धुऊन उन्हात खडखडीत वाळवा. ओल्या कापडाला ठिगळ लावू नका.

२. उजेडात दोघांनी ती डोक्यावर धरा. भोकांतून उजेडाचे ठिपके दिसतील. तिथे कोळशाने खूण करा.

३. तशाच जाड जुन्या कापडाचा तुकडा घ्या. तो भोकापेक्षा सगळीकडून चार बोटे मोठा असावा. तुकड्याचे उभे-आडवे धागे ताडपत्रीच्या उभ्या-आडव्या धाग्यांशी जुळवा. तिरपा लावला तर ठिगळ ओढ खाते.

४. तुकड्याच्या कडा बोटभर आत मुडपा. ठिगळ आतल्या बाजूने लावा. बाहेरून लावले तर उतारावरचे पाणी वरच्या कडेशी अडते आणि आत शिरते.

५. दोरा जाड, सुती आणि दुहेरी घ्या. तो मेणावरून दोन-तीनदा ओढा. आपल्याकडे मोहोळाचे मेण मिळते, ते उत्तम. पोते शिवायचे दाभण फार मोठी भोके पाडते. त्यापेक्षा गोधडी शिवायची जाड सुई बरी.

६. ठिगळाच्या कडेने एक ओळ शिवा. मग बाहेरच्या बाजूने चिरेच्या फाटक्या कडा आत दुमडून दुसरी ओळ शिवा. टाके फार जवळ घालू नका. जवळजवळच्या भोकांवरून कापड पुढे फाटते. पोस्टाची तिकिटे अशा भोकांवरूनच सुटी होतात ना?

७. शेवटी शिवणीवर बाहेरून मेण घासा. सुती दोरा पाण्याने फुगतो आणि सुईची भोकेही बुजवतो.

प्लॅस्टिकच्या ताडपत्रीचे ठिगळ

इथे पुष्कळांची फसगत होते. एका वस्तीवर दोन शेजाऱ्यांचे बोलणे चालले होते, ते ऐका.

"मावशी, तुझ्या हाताची वाकळ साऱ्या वस्तीत नावाजलेली. माझ्या ताडपत्रीला चार टाके मारून देतेस का?"

"देते की. पण बाबा, ही प्लॅस्टिकची हाय. हिच्यात सुई घातली की जितके टाके तितकी भोकं. सुताचा दोरा फुगतो, हे प्लॅस्टिक काही फुगत नाही."

"मग खळीनं चिकटवू?"

"मागच्या साली मी तेबी करून पाहिलं. सकाळी लावलं अन् सांजेला निघालं."

मावशीचे म्हणणे बरोबर आहे. पॉलिथिनचा पृष्ठभाग मेणासारखा गुळगुळीत असतो. कागदाची खळ किंवा लाकडाचा पांढरा गोंद त्याला धरत नाही. मग काय करावे? दोन उपाय आहेत.

पहिला उपाय चिकटपट्टीचा. ताडपत्रीसाठीच केलेली रुंद, पाण्याने न सुटणारी चिकटपट्टी मिळते. खोकी बंद करायची पातळ पट्टी चालत नाही, ती उन्हाने वाळून सुटते. फाटलेली जागा साबणाने धुवा आणि पूर्ण वाळवा. धूळ किंवा तेल राहिले तर पट्टी त्या धुळीला चिकटेल, ताडपत्रीला नव्हे. चिरेच्या दोन्ही कडा एकमेकींना भिडवा. पट्टीचे कोपरे कात्रीने गोल करा, कारण टोकदार कोपरा आधी उचलतो. मग वरून आणि खालून, अशा दोन्ही बाजूंनी पट्टी लावा आणि वाटीच्या बुडाने जोराने घासा. हे काम कोरड्या, उबदार दिवशी करावे.

दुसरा उपाय उबेचा. पॉलिथिन सुमारे ११० ते १३० अंशांवर वितळते. म्हणून पॉलिथिनला पॉलिथिनच जोडता येते. जुन्या, पण धड ताडपत्रीचा तुकडा कापा. खाली सपाट फळी, तिच्यावर ताडपत्री, वर तुकडा आणि त्यावर बटर पेपर ठेवा. कपड्यांची इस्त्री बेताची तापवून पाच-सहा सेकंद दाबा. लगेच उचलू नका. वर सपाट वजन ठेवून निवू द्या, मगच कागद काढा. इस्त्री फार तापली तर पट्ट्या आक्रसतात आणि भोक पडते. म्हणून आधी टाकाऊ तुकड्यावर हात बसवा.

सावधान! हे काम उघड्यावर करा, धूर नाकात जाऊ देऊ नका. पेटती काडी किंवा चुलीतले लाकूड वापरू नका. वितळलेले प्लॅस्टिक कातडीला चिकटून भाजते. लेकरांना दूर ठेवा. आणि कापसाच्या गंजीजवळ हे काम चुकूनही करू नका.

कडी निघाली तर

पुष्कळदा ताडपत्री मध्ये धड असते, पण दोरी बांधायची कोपऱ्यातली कडी निघालेली असते. मग एक सोपी युक्ती करा. कोपऱ्यापासून वीतभर आत, ताडपत्रीच्या खालून आवळ्याएवढा गुळगुळीत गोटा ठेवा. त्याभोवती ताडपत्री गोळा करा आणि गोट्याच्या मागे दोरीचा फास आवळा. ना भोक, ना शिवण. ताण सगळ्या घडीवर वाटला जातो आणि कोपरा टिकतो.

फाटण्याचे कारण शोधा

ठिगळ लावले म्हणजे काम संपले असे नाही. ताडपत्री तिथेच का फाटली, ते पाहा. नाहीतर ठिगळही तिथेच फाटेल.

बल्लीचे टोक घासत असेल तर त्याला सायकलची जुनी ट्यूब किंवा चिंधी गुंडाळा. वाऱ्याचे हिसके बसत असतील तर कडी आणि दोरी यांच्यामध्ये ट्यूबची कडी कापून अडकवा. ती ताणते आणि हिसका खाऊन टाकते. मध्ये पाणी साचत असेल तर उतार वाढवा. एक मीटर लांब, एक मीटर रुंद आणि दहा सेंटिमीटर खोल पाणी साचले, तर त्याचे वजन शंभर किलो, म्हणजे एक क्विंटल! एवढा भार छपरावर कशाला?

ताडपत्री वावरातून ओढत नेऊ नका. पराटीची खुंटे तिला भोके पाडतात. दोघांनी उचलून न्या. धान्याचे दाणे झटकून मग घडी घाला, म्हणजे उंदीर कुरतडणार नाहीत. कापडी ताडपत्री वाळवूनच घडी करावी, नाहीतर बुरशी धरते. प्लॅस्टिकच्या ताडपत्रीचा वैरी ऊन आहे. काम झाले की तिला सावलीत ठेवा.

ठिगळ कधी लावू नये?

जुन्या प्लॅस्टिकची ताडपत्री चिमटीत धरून चोळा. पापुद्रे निघाले, पट्ट्या तुटून हातात आल्या, तर ती उन्हाने मेली आहे. तिला ठिगळ धरणार नाही. तिचे बरे तुकडे कडब्यावर झाकायला किंवा शेळ्यांच्या गोठ्याला आडोसा म्हणून वापरा. जाळू मात्र नका.

नवी घेताना तिच्यावरची अक्षरे वाचा. तुम्हाला आता वाचता येते! विणलेल्या प्लॅस्टिकच्या ताडपत्रीसाठी आय.एस. ७९०३ हे सरकारी मानक आहे. ती अक्षरे दिसतात का, ते पाहा. 'जी.एस.एम. २००' असे लिहिले असेल, तर त्याचा अर्थ एका चौरस मीटरचे वजन २०० ग्रॅम. मग वीस चौरस मीटरचे वजन चार किलो भरले पाहिजे. दुकानदाराला म्हणा, "शेठ, जरा काट्यावर टाका." तीनच किलो भरली, तर लिहिलेले खोटे आहे.

वर्षातून दोनदा ताडपत्री उघडून उजेडात धरावी. एकदा मे महिन्यात, मृग लागण्याआधी. दुसऱ्यांदा दसऱ्याच्या सुमारास, कापूस वेचणीला येण्याआधी. दोन माणसे आणि अर्धा दिवस, एवढाच खर्च. मग अवकाळी पाऊस आला तरी वर्षाची कमाई आणि झोपलेली लेकरे कोरडी राहतील.

प्रश्न

१. कापडी ताडपत्रीचे ठिगळ आतून का लावावे?

२. प्लॅस्टिकच्या ताडपत्रीला खळ का चिकटत नाही?

३. तीन मीटर रुंद आणि चार मीटर लांब ताडपत्रीवर पाच मिलिमीटर पाऊस पडला. किती लिटर पाणी पडले?

४. तीच ताडपत्री २५० जी.एस.एम.ची असेल, तर तिचे वजन किती भरावे?

करून पाहा

आज घरची ताडपत्री उजेडात धरा. किती भोके आहेत ते मोजा. प्रत्येक भोक कशाने पडले असेल, ते पाटीवर लिहून उद्या वर्गात वाचून दाखवा.